इम्पाला की मॉरिस मायनर?

प्रश्न (वाशी): सोसायटीचं पार्किंग १६ फुटी. १९५९ची शेव्हरोले इम्पाला घ्यावी की मॉरिस मायनर १०००?

घोडबंदरकर: इम्पाला साडेसतरा फूट, विषय संपला! मायनर साडेबाराच्या आत बसते.

ठाणेकर: पण खाडीची खारी हवा विसरू नका. इम्पालाला वेगळी चासी (बॉडीखालचा सांगाडा) आहे, मायनरला नाही; तिची बॉडीच भार पेलते. तिचे सिल (दाराखालच्या पट्ट्या) आणि मागच्या स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग बॉडीला जोडणारे भाग) गंजले की गाडीचा कणाच गेला. मॅट उचला, खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. ताजं अंडरकोटिंग (तळाच्या पत्र्यावरचा लेप) दिसलं तर गंज झाकल्याचा संशय घ्याच.

घोडबंदरकर: वायरिंगही बघा. जुन्या मायनरला पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं; आजचा म्युझिक सिस्टीम थेट जोडलात तर जळेल. पिकअप देताना अडखळली, तर आधी एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमधलं (वरच्या नळकांड्यातलं) तेल तपासा.