मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर लहान मुलांना कोणती टूथपेस्ट द्यावी?

नमस्कार,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या एका गावात राहतो. इकडच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. माझ्या वयाच्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत आणि लहानपणी त्यासाठी आम्ही 'दात नीट घासत नाहीस' अशी बोलणीही खाल्ली आहेत. आमच्या बोअरच्या पाण्याची तपासणी केली तेव्हा लिटरमागे 2.1 मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. मर्यादा 1 मिलिग्रॅमची आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ची. तेव्हापासून पिण्यासाठी आरओचे पाणी आणतो, पण स्वयंपाक आणि चहा अजून बोअरच्याच पाण्याचा होतो. (पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते, हे मला फार उशिरा कळले.)

मुलगा 9 वर्षांचा आहे आणि मुलगी 5 वर्षांची. मुलाच्या खालच्या दाढेला कीड लागली होती, पण ती दुधाची दाढ आहे, आपोआप पडेल, असे समजून आम्ही चार महिने घालवले. प्रत्यक्षात ती कायमची दाढ निघाली. सहाव्या वर्षाच्या आसपास ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता येते, त्यामुळे ती आल्याचे आमच्या लक्षातच आले नव्हते. आता ती भरून घेतली आहे.

अडचण पुढेच आहे. ज्यांनी दाढ भरली त्या दंतवैद्यांचे म्हणणे असे की, डाग पडतात ते हिरडीच्या आत दात तयार होत असताना. मुलाचे ते वय जवळजवळ सरले असल्यामुळे त्याला कीड टाळण्यासाठी फ्लोराइडची पेस्ट द्यावी आणि मुलीलाही वाटाण्याएवढी चालेल, मात्र तिने ती थुंकली पाहिजे. दुसऱ्या दंतवैद्यांनी, तुमच्या भागात सहा वर्षांखालच्या मुलांना फ्लोराइडची पेस्ट देऊच नका, असे सांगितले. मला दोघांचेही पटते, आणि आमची कन्या तर स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट चक्क गिळते.

मुलीच्या कायमच्या दाढा वर्षभरात येतील. त्यांच्या खाचांत बिस्किटाचा चिकटा अडकून पुन्हा तेच होऊ नये म्हणून त्या येताच सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर) भरून घ्यावे, असे मनात आहे. परंतु फ्लोराइडमुळे डाग पडलेल्या दातांवर सीलंट नीट धरते का? चंद्रपूर, नांदेड किंवा अशाच पाण्याच्या भागातील पालकांनी लहान मुलांच्या पेस्टबाबत काय ठरवले, आणि येथे कोणी बालदंततज्ज्ञ असल्यास, मुलगी थुंकायला शिकेपर्यंत तिचे दात नुसत्या ओल्या ब्रशने घासावेत की तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट द्यावी, हे कृपया सांगावे. स्वयंपाकासाठीही आरओचेच पाणी वापरायचे झाले तर पाच माणसांच्या घराला रोज साधारण किती लागते, याचा अंदाजही हवा आहे.