चित्रकलेच्या पोरांच्या गळ्यात गेमिंग लॅपटॉप कशाला?

फोंड्याचा मास्तर
भाच्याला आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला. बहिणीने ७०,००० रुपये बाजूला काढलेत. पोराला हवाय गेमिंग लॅपटॉप. दुकानदार म्हणतो, स्क्रीन पूर्ण उलटी दुमडणारा टचवाला घ्या. मला विचाराल तर दोन्ही नकोत. साधा, चांगला लॅपटॉप घ्या, सोबत चार-पाच हजारांचा पेन टॅब्लेट (स्क्रीन नसलेली, लॅपटॉपला जोडून पेनने चित्र काढायची पाटी), आणि उरलेला पैसा रॅम आणि स्क्रीनवर घाला.

क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रश ओढताना ग्राफिक्स कार्ड फारसं राबत नाही, राबतात ते प्रोसेसर आणि रॅम. ए-थ्री आकाराचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, केलं तर साधारण १ कोटी ७४ लाख पिक्सेल होतात. पूर्ण रंगवलेला एक लेअर, म्हणजे चित्राचा एक थर, ७० एमबीच्या घरात. पोरं ४० लेअर सहज करतात, म्हणजे पावणेतीन जीबी तिथेच. वर विंडोज, अनडूचा साठा आणि ब्राउझरमध्ये उघडी टाकलेली जत्रा. १६ जीबीच्या खाली उतरू नका.

आणि स्क्रीनबद्दल तर कोणी विचारतच नाही. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) दिसलं की पुढच्या दुकानात चला. अशा पॅनेलवर एसआरजीबीतले, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या रंगसंचातले, जेमतेम दोन-तृतीयांश रंग दिसतात. एका विद्यार्थ्याने शिगम्याचं पोस्टर केलं होतं. गुलाल स्क्रीनवर विटकरी दिसतोय म्हणून लाल चढवत गेला. फ्लेक्स छापून आला तर घोडेमोडणी नाचणाऱ्यांची तोंडं भाजल्यासारखी.

सांखळीकर
मास्तर, रॅम आणि स्क्रीनचं शंभर टक्के मान्य. पण पेन टॅब्लेट सुचवणाऱ्यांनी तो मांडीवर घेऊन कदंबच्या बसमध्ये चित्र काढून दाखवावं. मी सांखळीहून रोज पणजीला जातो. दुमडणारा लॅपटॉप वहीसारखा धरला की झालं. टॅब्लेट म्हटला की वायर आली, तो ठेवायला जागा आली, लॅपटॉप उघडा ठेवायला आणखी जागा आली. शेजारचे काका आधीच अर्धी सीट व्यापून बसलेले असतात.

दुसरं म्हणजे हात खाली आणि नजर वर, ही कसरत सगळ्यांना जमत नाही. कागदावर वाढलेल्या पोराला रेघ उमटते तिथेच बघायची सवय असते. लहान टॅब्लेटची कामाची जागा जेमतेम १५ बाय साडेनऊ सेंटीमीटर. पोस्टकार्डाएवढ्या जागेत मनगटाने चित्र काढायचं, खांदा मोकळा करायचाच नाही?

फोंड्याचा मास्तर
कसरत खरी, पण अंगवळणी पडते. पेनचं बोला. टॅब्लेटच्या पेनला बहुधा बॅटरी लागत नाही, ताकद पाटीतूनच मिळते. टचवाल्या लॅपटॉपची पेनं बहुतेक बॅटरीची, कितीदा तर खोक्यात नसतातच, वेगळी विकत घ्यावी लागतात. शिवाय दुकानात एक करून बघ. स्क्रीनवर पट्टी आडवी-तिरकी ठेव आणि तिच्या कडेने पेन अगदी सावकाश ओढ. भरभर ओढलेली रेघ कुठेही सरळ येते. सावकाश ओढलेली काही मशीनवर पायऱ्या-पायऱ्यांची, लाटांसारखी येते. इंकिंग, म्हणजे पेन्सिलीवर शाईची रेघ, करणाऱ्याला ते जन्मभर छळतं.

हेडशॉट_मडगाव
तुम्ही दोघे भांडताय आणि पोराला काय हवंय ते राहिलंच. त्याला गेम खेळायचाय! आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त गेम, हे कुठून आलं? पुढे ॲनिमेशनकडे वळला तर ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर येणारच. त्यातल्या सायकल्सचं रेंडर, म्हणजे अंतिम चित्र तयार करणं, आरटीएक्स ग्राफिक्स कार्डावर आणि साध्या प्रोसेसरवर लावून बघा. एकीकडे चहा होईपर्यंत, दुसरीकडे झोपून उठेपर्यंत. रॅम मागाहून वाढवता येते, ग्राफिक्स कार्ड नाही. सत्तरात आरटीएक्स ३०५० वाला मिळत असेल तर सोडू नका.

फोंड्याचा मास्तर
त्या किमतीत कार्ड बसवायचं म्हणून कंपनी हात कुठे आखडता घेते, ते बघ. स्क्रीनवर! स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्येच तो ४५ टक्केवाला पॅनेल सर्रास सापडतो. आणि व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट एवढंच खेळायचं तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. अट एकच, रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात, ८ आणि ८. एकच पट्टी असली की गेम रखडतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं, आणि एका पट्टीतून ते हळू मिळतं. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का हेही आधी विचारायचं. असली तर 'मागाहून वाढवू' विसरायचं.

हेडशॉट_मडगाव
व्हॅलोरंटवर कोण थांबतं? कॉलेजात मित्र नवा गेम लावणार, हा बाजूला बसून बघणार. आणि बाहेरचा चांगला मॉनिटर नंतर जोडता येतो. कार्ड जोडून दाखवा.

काणकोणची आई
मॉनिटर नंतर जोडता येतो, पण त्याचे पैसे पुन्हा कोण देणार रे बाबा? माझ्या लेकाकडे गेमिंगवाला आहे, म्हणून सांगते. मशीन सव्वादोन किलोच्या पुढे, चार्जर विटेसारखा वेगळा. चार्जर काढला की गेमही मंदावतो आणि बॅटरीही भराभर उतरते. आमच्याकडे पावसात वारं सुटलं की लाइट गेलीच. मग ते महागडं कार्ड घेऊन काळोखात बसायचं. त्यापेक्षा टाइप-सीवर चार्ज होणारा हलका बरा, दिवसभराला पुरतो.

आणखी एक, कोणी बोललंच नाही म्हणून. गेम खेळून मशीन तापलं की टचस्क्रीनवर तळहात टेकवून चित्र काढून बघा. मे महिन्यात, घामेजल्या हाताने. पेन सरकायच्या आधी हातच चिकटतो.

सांखळीकर
आई, त्यावर उपाय आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झाकणारा चित्रकारांचा हातमोजा मिळतो, स्वस्त असतो. पण वजनाचं तुमचं बरोबर, माझा पक्ष त्यासाठीच दुमडणाऱ्याचा.

पेडण्याचे आजोबा
आमच्या मुलाला सायबरेज योजनेत अकरावीला सरकारी संगणक मिळाला होता, त्यावर तो पेंट उघडून माउसने नरकासुर काढायचा. दात मात्र छान काढायचा. एवढी चर्चा कशाला? आयपॅड घ्या आणि मोकळे व्हा.

हेडशॉट_मडगाव
आजोबा, आयपॅडवर विंडोजचे गेम चालत नाहीत. मॅकवर व्हॅलोरंटही नाही.

पेडण्याचे आजोबा
मग तर घ्याच!

फोंड्याचा मास्तर
आजोबांशी मी सहमत व्हायच्या बेतात होतो, पण कॉलेजच्या फायली, मोठं फोटोशॉप, फाँट, पेनड्राइव्ह यांत पोर अडकेल. आयपॅड हा दुसरा घ्यायचा, पहिला नव्हे. सांखळीकर, तुझ्या बाजूने एवढं देतो: पट्टीच्या चाचणीत पास झालेलं, १६ जीबीचं, पूर्ण एसआरजीबी स्क्रीनचं दुमडणारं मशीन सत्तरात पेनासकट मिळालं तर भाच्याला तेच घेऊ. मिळेल असं वाटत नाही.

सांखळीकर
चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, ऑफरमध्ये मिळेल, लावा पैज. फक्त ती पट्टीची चाचणी कुठल्या दुकानात करू देतात ते सांगा. म्हापशात विचारलं तर पेन कपाटात, कपाटाची चावी मालकाकडे आणि मालक जेवून झोपलेला. चारनंतर या म्हणाले.