'कौशल्यमर्यादा' आणि 'एकांगी' पात्र

सोंगटी: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम आमच्या गटासाठी मराठीत लिहितेय. कौशल्य जास्तीत जास्त किती वाढेल, त्या आकड्याला मी 'कौशल्यमर्यादा' म्हटलं. एकाने वाचून विचारलं, "म्हणजे माझ्या पात्राला जे जमत नाही ते?" खरंच, 'माझ्या मर्यादा' म्हणजे उणिवाच. दुसरा शब्द सुचवा. शिवाय एकाच कसबासाठी घडवलेल्या पात्राला 'एकांगी' चालेल का?

जुना फासा: सरळ 'कमाल' लिहा. कमाल तापमान सगळ्यांना कळतं. 'एकांगी' नको. मत एकांगी असतं, माणूस एककल्ली.

अनुस्वार: कमाल अरबी. 'उच्चसीमा' काय वाईट आहे?

जुना फासा: हातात फासा असताना 'उच्चसीमा' कोण म्हणेल?

सोंगटी: 'कमाल कौशल्य' ठीक, पण 'कौशल्याची कमाल' झालं की 'कमाल केलीस'सारखं वाटतं.

तिठा: एककल्ली साफ चूक. तो स्वभाव झाला. कुलपं उघडण्यात तरबेज असलेला चोर मनमिळाऊ असू शकतो. 'कल' म्हणजे ओढा, त्यावरून एककल्ली.

अनुस्वार: मग 'ल्ल' कुठून आला? मी तो 'कल्ला' म्हणजे गालाची बाजू, यावरून मानतो. एकाच बाजूचा.

तिठा: ओढूनताणून आहे. आणि मुळात पाचव्या आवृत्तीत कमाल पुरते कुठे? प्रावीण्याची बढत, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा, +२ ते +६. 'रोग' (rogue) म्हणजे चोराच्या वर्गातलं पात्र; त्याला निपुण कौशल्यात ती दुप्पट, म्हणजे सतराव्या पातळीला +१२. अंगभूत क्षमता (जशी चपळाई) २० असेल तर आणखी +५. वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तरी बेरीज १८, म्हणजे १५ बेरीज लागणारी मध्यम कामं कधी चुकतच नाहीत. 'जवळजवळ अशक्य' मानलेलं ३०सुद्धा १३ पडला की जमतं. बाकीच्यांनी फासे टाकायचे कशाला?

जुना फासा: २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट होतं: आपल्या वर्गाच्या कौशल्यात पातळी अधिक ३, इतरांत त्याच्या निम्मं. तरी जादूच्या वस्तूंनी लोक भर घालायचेच.

अनुस्वार: मला 'कॉल ऑफ कथुलू' या अशाच दुसऱ्या खेळाची रीत पटते. वापरलेलं कौशल्य वाढवायला शंभराचा फासा आपल्या आकड्याच्या वर पडावा लागतो. ८०वर पोचलेल्याला पाचांत चारदा काहीच मिळत नाही, नवखा मात्र भराभर वाढतो.

सोंगटी: पण माझा शब्द?

तिठा: 'एकहुन्नरी'.

अनुस्वार: हुन्नर फारसी.

जुना फासा: रोगला पहिल्या पातळीला दोन आणि सहाव्या पातळीला आणखी दोन निपुणता मिळतात. चार कसबं असलेल्याला 'एक' लावायचंच कशाला?