घाम आणि सक्ती

श्रमातून आफ्रिकेला स्वत्व सापडेल, असं म्हटलं जातं. ते पटतं, पण ते श्रम कोणाच्या हुकुमावरून, हा प्रश्न त्यात राहून जातो. अप्पर व्होल्टाची (आताचा बुर्किना फासो) माणसं फ्रेंच राजवटीत आयव्हरी कोस्टच्या मळ्यांवर आणि रेल्वेकामावर वेठीला धरून नेली जात. ही वेठबिगार कायद्याने संपली 1946 साली. तिथे 'काम' या शब्दाची चवच कडू होती.

म्हणून तिथलाच लष्करी नेता थॉमस संकारा याचा प्रयोग मला रंजक वाटतो. 1983 मध्ये सत्तेत आल्यावर त्याने देशी कापसाच्या हातमागाच्या कापडाचा, फासो दान फानीचा, आग्रह धरला. अरुंद पट्ट्या विणायच्या, मग जोडून शिवायच्या. बायकांच्या हाताला काम मिळालं, आणि जुनाट समजलं जाणारं कापड मानाचं झालं. 1987 च्या जुलैत अदिस अबाबाला (इथिओपिया) आफ्रिकी देशांच्या परिषदेत परकीय कर्जाविरुद्ध बोलताना आपल्या शिष्टमंडळाचे कपडे आपल्याच देशात विणलेले आहेत, हेही त्याने सांगितलं. आपल्याला खादी आठवणारच.

पण सरकारी नोकरांना ते कापड घालणं सक्तीचं होतं. साहेब येतोय म्हटल्यावर घाईघाईने चढवायला काहीजण एक सदरा कचेरीतच ठेवत, असं सांगतात. (आपल्याकडे गांधी टोपीचं काय झालं?) शिवाय संप केला म्हणून हजाराहून जास्त शिक्षक बडतर्फ केले, ते वेगळंच. 1987 च्याच ऑक्टोबरात संकाराची हत्या झाली. सक्तीही गेली. फासो दान फानी मात्र तिथे अजून विणलं जातं.