मदत हवी आहे: सातवीच्या वर्गासाठी तलावाचं पाणी आणि शिडाची होडी

नमस्कार मंडळी, मी सोलापुरात सातवीला विज्ञान शिकवते. पुढच्या महिन्यात पोरांना हिप्परग्याच्या तलावावर न्यायचंय, त्याआधी वर्गात हातानं करायचे प्रयोग हवेत. पाणी किती गढूळ ते बघायला सेकी डिस्क घरीच केलीय, 20 सेंटीमीटरची पत्र्याची चकती, काळे-पांढरे चार भाग, दोरीला गाठी, चकती दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या, ते जमेल.

खरी अडचण होडीची आहे. थर्माकोलच्या होडीला कॅरीबॅगचं शीड लावून टबात सोडली, बाजूनं टेबलफॅन लावला, तर पुढं जायचं सोडून आडवीच सरकत कडेला जाऊन कलंडते. मग खाली जुन्या फूटपट्टीचा तुकडा उभा खोचला तर बऱ्यापैकी सरळ गेली, आणि एक पोरगी लगेच म्हणाली, "मॅडम, पट्टी पाण्याला धरून ठेवतीय!" इतकं छान वाटलं मला!

आता वारा जिकडून येतो तिकडं होडी तिरकं तिरकं वळत जाणं दाखवायचंय, टब 3 फुटांचाच आहे, तर पट्टी किती खोल आणि शीड किती मोठं ठेवू? आणि चतुराची पिल्लं वगैरे पाण्यातले किडे ओळखायला मराठीत चित्रांचा तक्ता कुणाकडं असेल तर प्लीज पाठवा ना.