पाय मुरगळल्यावर सूज उशिरा का चढते?

प्रश्न
परवा संध्याकाळी जिना उतरताना आईचा पाय मुरगळला. साधे खरचटलेही नव्हते आणि ती स्वतः चालत घरात आली. पण रात्री घोटा टम्म सुजला, कातडी ताणून चकाकू लागली, हाताला गरम लागत होती आणि बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा सावकाश भरून येत होता. एक्स-रेमध्ये हाड शाबूत आहे. जखमच उघडी नसताना जंतू शिरणार कोठून? मग ही सूज कशाची, आणि ती इतक्या उशिरा का आली?

प्रतिसाद १
सूज आणते ते आपले शरीरच. पाय मुरगळताना अस्थिबंधाचे, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणाऱ्या पट्ट्यांचे, काही धागे तुटतात आणि फुटलेल्या पेशींमधून एरवी कधीच बाहेर न येणारी द्रव्ये आजूबाजूला सांडतात. त्या जागी आधीपासून असलेल्या मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशींना तेवढी खूण पुरते. जंतू असावेच लागत नाहीत. मास्ट पेशींतून सुटलेल्या हिस्टामिन या द्रव्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब येते. शिवाय त्यांच्या अस्तरातील पेशींमध्ये फटी पडून रक्तातले पाणी आणि प्रथिने बाहेर पाझरतात. हे पाझरणे तासन्‌तास चालते, त्यात फुटलेल्या केशवाहिन्यांच्या रक्ताची भर पडते, म्हणून संध्याकाळच्या दुखापतीची सूज रात्री डोळ्यांत भरते.

प्रतिसाद २
वरच्या उत्तरात पेशींच्या हालचालीची भर घालतो, कारण मला तोच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकोव्ह या प्राणिशास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर फिरत्या पेशींनी त्या काट्याला चहूबाजूंनी वेढले होते. पुढे १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. आपल्या घोट्यातही असेच घडते: काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी पोहोचतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मॅक्रोफेजची संख्या वाढते. हे मॅक्रोफेज मोडतोड झालेले धागे आणि मेलेले न्यूट्रोफिल गिळून जागा साफ करतात, आणि नवे तंतू विणणाऱ्या पेशींना संकेतही तेच देतात.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मग सूज उतरवणारी गोळी देऊच नये का?

प्रतिसाद ३
तसे म्हणता येणार नाही. ठणका लागतो त्यात प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांचा मोठा वाटा असतो, आणि ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन या औषधशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवले. वेदनेने झोपच लागत नसेल, तर सूज केवळ उपयोगाची म्हणून ती सोसत बसणे मला योग्य वाटत नाही. मात्र आईंना आम्लपित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी देऊ नका. साठलेला द्रव लसिकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्यांतून रक्तात परत जातो आणि स्नायूंच्या हालचालीने त्याला गती मिळते. त्यामुळे झोपताना पायाखाली दोन उशा ठेवा आणि दुखणार नाही इतपत बोटे हलवायला सांगा.