जपानी वर चढले, मार्शलीज मागे राहिले: दोष माणसांचा की कागदांचा?

ऊसकरी (धागाकर्ता)

हवाईतल्या स्थलांतरितांवर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "जपानी आले तेव्हा तेही उसाच्या फडातच होते, पण दोन-तीन पिढ्यांत राज्यपालपदापर्यंत पोचले. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची माणसं, म्हणजे मार्शलीज, मात्र सरकारी मदतीवर आणि कोंबडीच्या कारखान्यात."

ही तुलना चुकीची वर्षं शेजारी ठेवून केली जाते, एवढंच मला मांडायचं आहे. जपानी मजुरांचं पहिलं मोठं सरकारी जहाज होनोलुलूला लागलं १८८५ मध्ये. मार्शल बेटं आणि अमेरिका यांच्यातला मुक्त सहयोग करार (ज्याच्यावर मार्शलीज बिनव्हिसा येऊन राहतात) लागू झाला १९८६ मध्ये, आणि मोठ्या संख्येने येणं त्यानंतर सुरू झालं. म्हणजे एकशे एक वर्षांचं अंतर. डॅनियल इनोये हा पहिला जपानी वंशाचा माणूस अमेरिकी संसदेत गेला १९५९ मध्ये, जॉर्ज आरियोशी राज्यपाल झाले १९७४ मध्ये. पहिल्या जहाजापासून संसदेपर्यंत ७४ वर्षं. तोच हिशेब मार्शलीजना लावा, २०६० साल येतं.

उलट मार्शलीजना येऊन आज जेवढी वर्षं झाली, साधारण तेवढी, चाळीसेक, जपान्यांना झाली तेव्हाचं पाहा. १९२२ मध्ये ओझावा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जपान्याला नागरिकत्व मिळणार नाही. (पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांनाही तेच उत्तर मिळालं.) १९२४ मध्ये जपानहून येणंच बंद झालं. त्या सुमारास कोणी धागा काढला असता तर शीर्षक असतं, "हे जपानी कधी वर येणार?"

तिरकस

वर्षांची बेरीज पटली, निष्कर्ष नाही पटला. १९२०च्या आसपास हवाईतल्या जपान्यांकडे काय काय होतं ते बघा: स्वतःची वृत्तपत्रं, भाषाशाळा, देवळं, प्रांतवार मंडळं आणि तानोमोशी. तानोमोशी म्हणजे आपली भिशीच, लिलावाची. समजा २० जण, महिना १० डॉलर. दर महिन्याला २०० डॉलर जमतात, ज्याला गरज तो कमी घ्यायची बोली लावून उचलतो, उरलेले इतरांत वाटले जातात. बँक दारात उभी करत नव्हती त्या काळात न्हाव्याचं दुकान, मासळीची होडी, हवाईच्या कोना भागातली कॉफीची बाग यांना भांडवल असं मिळालं. हप्ता चुकवणाऱ्याची गावाकडे, हिरोशिमात किंवा यामागुचीत, नाचक्की व्हायची. म्हणून बुडवेगिरी कमी.

ही घडी कोणत्या कायद्याने बसवून दिली नव्हती. माणसं काय करतात यालाही महत्त्व आहे. सगळं कागदांवर ढकलू नका.

मीठागर

@तिरकस, माणसं काय करतात ते बघायचं तर आधी कोणती माणसं निवडून आणली तेही बघा. १८८५ ते १८९४ या करारी भरतीत सुमारे २९ हजार जण आले, आणि ते चाळणी लावून. हवाई सरकारचा जपानमधला प्रतिनिधी रॉबर्ट अर्विन याने हिरोशिमा, यामागुची, कुमामोतो, फुकुओका या भागांतली धडधाकट शेतकरी कुटुंबांतली तरणी माणसं घेतली. आजारी, म्हातारे गाळले. जपानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १८७२ पासून होता, म्हणजे बरेचसे अक्षरओळख असलेले. वर ३ वर्षांचा करार, म्हणजे आपल्याकडच्या लोकांना मॉरिशसला नेताना केलेल्या ५ वर्षांच्या गिरमिटासारखाच. महिना २६ दिवस काम, शेतात १० तास, गिरणीत १२. पुरुषाला ९ डॉलर पगार आणि ६ डॉलर जेवणाचे, बाईला ६ आणि ४.

मार्शल बेटांवरून येताना चाळणीच नाही. पासपोर्ट घ्या, विमानात बसा. म्हणून आजी, मधुमेही काका, शाळेतली पोरं सगळी येतात. बरीच वर्षं बेटांवर डायलिसिसची सोय नव्हती, त्यामुळे मूत्रपिंड निकामी झालेला माणूस जगायलाच होनोलुलूला यायचा. माणुसकी म्हणून हे उत्तमच आहे. पण मग "हा समाज आरोग्यसेवेवर जास्त खर्च करायला लावतो" असा आकडा काढायचा आणि तोच आकडा २५ वर्षांच्या निवडक मजुरांशी ताडून बघायचा, हे कसलं गणित?

जुई

मधुमेहाचं निघालंच आहे तर मुळाशी जाऊ या. १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांतल्या बिकिनी आणि एनेवेटाक इथे अमेरिकेच्या ६७ अण्वस्त्र चाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ची ब्राव्हो चाचणी १५ मेगाटनांची, हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. जवळच्या रोंगेलाप बेटावर किरणोत्सारी राख पडली, जपानी मासेमारी बोट 'पाचवा भाग्यवान ड्रॅगन' हिच्यावरच्या २३ जणांवरही पडली. बिकिनीच्या १६७ जणांना १९४६ मध्येच हलवलं होतं. प्रवाळबेटावर नारळ, फणसासारखं ब्रेडफ्रूट, केवड्याची फळं आणि मासे हा आहार. जमीन आणि खाडी विषारी झाल्यावर बाहेरून आलेला तांदूळ, पीठ, डबाबंद मांस यांवर लोक आले. क्वाजालीनच्या अमेरिकी लष्करी तळाशेजारी एबाये नावाचं बेट आहे. जेमतेम ३२ हेक्टरवर सुमारे १० हजार माणसं. तिथे भाजी लावायला जागा कुठली?

नुकसानभरपाई म्हणून करारात १५ कोटी डॉलरचा निधी होता. अणुदावे लवादाने मंजूर केलेली रक्कम २०० कोटींच्या वर गेली आणि निधी आटला. जपानी-अमेरिकनांना दुसऱ्या महायुद्धातल्या नजरकैदेच्या छावण्यांबद्दल १९८८च्या कायद्याने माणशी २० हजार डॉलर आणि रीतसर माफी मिळाली. तेही ४६ वर्षांनी, पण मिळाली.

तिरकस

@जुई, अण्वस्त्रांचं अमान्य कोण करतंय? पण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, स्प्रिंगडेलला, कोंबडीच्या कारखान्यांत आलेले बहुतेक लोक बिकिनी-रोंगेलापचे नाहीत, इतर बेटांचे आहेत. अणुचाचणी हे सगळ्याचं उत्तर होऊ शकत नाही.

आणि छावण्या विसरू नका. १९४२ नंतर मुख्य भूमीवरच्या सुमारे १ लाख २० हजार जणांना घरदार, दुकान, बोट कवडीमोलाने विकून कुंपणाआड जावं लागलं. त्यानंतरही ते उभे राहिले. कशाच्या जोरावर?

ऊसकरी

@तिरकस, नागरिकत्वाच्या जोरावर. हवाईत जन्मलेली पोरं जन्मतः अमेरिकी नागरिक होती. म्हातारे "नागरिकत्वास अपात्र" म्हणून कॅलिफोर्नियात जमीन नावावर करू शकत नव्हते, तेव्हा ती मुलाच्या नावावर घेत. हवाईत तर सरसकट छावण्या झाल्याच नाहीत, दोन हजारांहून कमी लोकांना पकडलं. कारण साधं: लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त मजूर-कारागीर उचलले तर बेट बंद पडलं असतं. त्याच पोरांची १००वी बटालियन आणि ४४२वी रेजिमेंट इटली-फ्रान्समध्ये लढली, परतल्यावर माजी सैनिकांच्या योजनेतून फुकट कॉलेज शिकली, आणि १९५४च्या निवडणुकीत हवाईचं विधिमंडळ उलटं केलं. १९४६ मध्ये २६ हजार ऊस कामगारांचा ७९ दिवसांचा संप झाला, तो सगळ्या वंशांचा एकत्र. त्याआधी १९०९चा संप फक्त जपान्यांचा होता: एकाच कामाला पोर्तुगीजाला साडेबावीस डॉलर आणि जपान्याला १८. तो मोडला. मुकादमाला तिथे 'लुना' म्हणत, गळ्यात नंबराचा बिल्ला असे. त्या बिल्ल्यापासून मतपेटीपर्यंत जायला भिशी उपयोगी पडली, मान्य. पण मत नसतं तर भिशीतून दुकानं निघाली असती, राज्यपाल नव्हे.

रेवदंडा

सगळे हवाईतच अडकलेत. मार्शलीजचं दुसरं मोठं केंद्र आर्कान्सॉ राज्यातलं स्प्रिंगडेल. समुद्र शेकडो मैल लांब, तरी मार्शल बेटांचा वाणिज्य दूतावास तिथे आहे, कारण कोंबडीचे कारखाने तिथे आहेत. पक्षी आतून साफ करण्याच्या पट्ट्याला सरकारी मर्यादा मिनिटाला १४० पक्ष्यांची, काही कारखान्यांना १७५ पर्यंत सवलत. पुढे हाडं काढायच्या ओळीत एक माणूस एकच काप दिवसभर मारतो. गारठा, ओल, बोथट सुरी. धार गेली की मनगट जास्त वळवावं लागतं आणि वर्षा-दोन वर्षांत मनगटातली नस दबून रात्री बोटं बधिर व्हायला लागतात. उसाची वाळलेली पानं सोलणाऱ्या जपानी बायकांचे हात पातीने चिरत, इथे नस जाते, एवढाच फरक. २०२० मध्ये करोना आला तेव्हा त्या भागातल्या पहिल्या काही महिन्यांच्या रुग्णांत जवळपास पाचवा हिस्सा मार्शलीजचा होता, आणि लोकसंख्येत वाटा दोन-तीन टक्के. दाटीचं घर, एका गाडीतून कामावर जाणं, पट्ट्यावर खांद्याला खांदा.

योगायोग बघा. त्याच आर्कान्सॉच्या दुसऱ्या टोकाला, रोवर आणि जेरोम इथे, १९४२ मध्ये जपानी-अमेरिकनांच्या छावण्या होत्या. १९४३ मध्ये राज्याने कायदाच केला की जपानी वंशाच्या माणसाला इथे जमीन घेता येणार नाही. युद्ध संपल्यावर बहुतेक सगळे निघून गेले.

हिशेबनीस

धाग्यात एक गोष्ट कोणी नीट सांगितलेली नाही. मार्शलीज माणूस अमेरिकेत कायद्याने कोण आहे?

तो निर्वासित नाही, ग्रीनकार्डधारक नाही, नागरिक तर नाहीच. बिनव्हिसा येऊ शकतो, मुदतीशिवाय राहू शकतो, काम करू शकतो, सैन्यात भरती होऊ शकतो. कर भरतो. मत देऊ शकत नाही, गुन्ह्यात अडकला तर परत पाठवला जाऊ शकतो. वीस वर्षं राहिला तरी ती वर्षं नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पाच वर्षांत धरली जात नाहीत.

रोजच्या व्यवहारात अडतं ते असं. नोकरीसाठी लागतो चालू पासपोर्ट आणि आय-९४ प्रवेशनोंद. दोन्ही मिळून ओळख आणि कामाचा हक्क सिद्ध होतो, वेगळा परवाना मागायचं कारण नाही. पण नोंदीवर मुदतीची तारीख नसते, नुसतं 'स्थिती असेपर्यंत', आणि नवख्या कारकुनाला वाटतं की कागद अपुरा आहे. पासपोर्ट संपला की सगळंच थांबतं. वाहन परवान्याचंही तसंच होतं. २००५च्या ओळखपत्र कायद्याखाली यांना वर्षभराचा तात्पुरता परवाना मिळे, तो घोळ २०१८च्या दुरुस्तीने निस्तरला.

आरोग्याचं पाहा. १९९६च्या कल्याण-सुधारणा कायद्यात यांची वर्गवारी लिहायची राहिली आणि गरिबांचा केंद्रीय आरोग्यविमा गेला. हवाई राज्याने काही वर्षं स्वतःच्या पैशातून चालवला, मग २०१० मध्ये कात्री लावली: वर्षाला १० दिवस रुग्णालय, १२ वेळा डॉक्टर, महिन्याला ४ औषधं. मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंड तिन्ही असलेल्या माणसाची ४ औषधं पहिल्या आठवड्यातच संपतात. या कात्रीविरुद्धचा खटला वरच्या न्यायालयात २०१४ मध्ये राज्याने जिंकला. विमा परत मिळाला डिसेंबर २०२० मध्ये, अन्नमदत आणि बाकीचं मार्च २०२४ मध्ये. म्हणजे २४ वर्षं कर भरून केंद्राचा विमा नाही. तिरकसराव, एवढ्यात कुठली भिशी पुरली असती?

तिरकस

@हिशेबनीस, १९९६ची चूक मोठी होती, हे मी मान्य करतो. तरी माझा मूळ मुद्दा उभा आहे, जरा वेगळा करून मांडतो. जपान्यांना १९२४ नंतर दार बंद झालं. एकदा कायमचं परत गेलं की पुन्हा येणं नाही, म्हणून त्यांनी मुळं इथेच रोवली. मार्शलीजचं दार कायम उघडं. आजी आजारी पडली की आईबाप पोरांना घेऊन माजुरोला (मार्शल बेटांच्या राजधानीला), शाळा अर्धवट, सहा महिन्यांनी परत आणि पुन्हा खालच्या वर्गात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केमेम आणि मयत बेटावर न्यायचा खर्च यात साठलेलं जातं. जमीन आईकडून येते, तिच्यावरचा हक्क टिकवायचा तर नातं टिकवावं लागतं, त्यामुळे हा खर्च उधळपट्टी नाही, कळतं मला. पण घराच्या पहिल्या हप्त्याचे पैसे त्यातूनच जातात ना?

जुई

उघडं दार हा तोटा धरला तर उद्या कोणी म्हणेल यांचं दार बंद करा, त्यांच्याच भल्यासाठी. मार्शल बेटांच्या जनगणनेत २०११ मध्ये ५३ हजार माणसं होती, २०२१ मध्ये ४२ हजार. अमेरिकेत दहा वर्षांत संख्या दुपटीहून वर गेली. ही ये-जा राहिलेली नाही, देश उठून निघालाय. पोरं आता स्प्रिंगडेलमध्येच जन्मतात आणि जन्मतः नागरिक असतात.

ऊसकरी

अगदी. आणि २१ वर्षांचं झालेलं मूल आईबापांच्या ग्रीनकार्डसाठी अर्ज करू शकतं. १९८७ मध्ये इथे जन्मलेल्याला हे २००८ मध्येच शक्य होतं.

तिरकस

मग करत का नाहीत? प्रायोजकाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं म्हणून? २०२४च्या दराने सहा जणांच्या घराला ५२,४५० डॉलर. एकवीस वर्षांच्या पोराचा एकट्याचा पगार तिथे पोचत नाही.

हिशेबनीस

उत्पन्नाचं कारण तितकं खरं नाही. आईबाप त्याच घरात राहत असतील आणि त्यांची कायदेशीर नोकरी चालू राहणार असेल तर त्यांचा पगारही धरता येतो. कारखान्यात दोघं असतील तर बेरीज जमते. अडतं ते शुल्कात: मुलाने आईबापासाठी करायचा कागदी अर्ज ६७५, मग ग्रीनकार्डासाठी स्थिती बदलाचा १,४४०, दोघांचे मिळून ४,२३० डॉलर, वैद्यकीय तपासणी वेगळी. शिवाय ग्रीनकार्ड घेऊन वर्षाहून जास्त काळ बेटावर राहिलं तर कार्ड सोडलं असं धरतात. अर्थात पासपोर्ट मार्शलचाच राहतो, त्यामुळे करारावर परत येता येतंच. भरलेले पैसे तेवढे जातात.